पक्षाघातात मेंदूच्या पेशी नेमक्या कशा मरतात? (मिनिटं, तास आणि दिवसांचा हिशेब)

सांजवारा

‘झटका आला आणि मेंदूचा तेवढा भाग गेला’ असं आपण एका दमात बोलून टाकतो. पण झटका येणं आणि भाग जाणं यांत काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंतचं अंतर असतं. आज उपलब्ध असलेले सगळे उपचार त्या अंतरातच बसवलेले आहेत. म्हणून आत काय घडतं ते क्रमाने लिहितो. हा लेख गुठळीने धमनी बंद होऊन येणाऱ्या पक्षाघाताबद्दल आहे. रक्तस्रावाचं गणित वेगळं आहे, त्यावर जाणकारांनी खाली लिहावं.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा खातो. एवढा खर्च असूनही घरात साठा जवळपास नाही. यकृतात, स्नायूत ग्लायकोजेन भरून ठेवलेलं असतं. मेंदूत ते चिमूटभर, तेही बहुतेक अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींत. त्यामुळे रक्त पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते आणि काही मिनिटांत एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) संपतं.

एटीपी जातं कुठे? विचार करण्यात नव्हे, पाणी उपसण्यात. चेतापेशी ही सतत झिरपणारी होडी समजा. सोडियम आत शिरत राहतो, पोटॅशियम बाहेर पडत राहतं, आणि पेशीच्या आवरणातले पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर फेकून २ पोटॅशियम आत घेत राहतात. मेंदूच्या ऊर्जेचा फार मोठा वाटा या उपशातच जातो. उपसणारा थांबला की होडी भरते. सोडियमपाठोपाठ क्लोराइड आणि पाणी आत येतं, पेशी फुगते. बाहेरच्या द्रवातलं पोटॅशियम ३ मिलिमोलवरून ६० च्या वर जातं आणि आवरणावरचा विद्युतभार कोसळतो.

खरा घात इथून पुढे. भार कोसळला की चेतापेशीच्या टोकांतून ग्लुटामेट (शेजारच्या पेशीला उत्तेजित करणारा निरोप्या रेणू) बाहेर पडतं. एरवी अ‍ॅस्ट्रोसाइट ते लगेच शोषून घेतात, पण त्यांचे शोषक सोडियमच्या उतारावर चालतात आणि उतारच उरलेला नसतो. साचलेलं ग्लुटामेट शेजारच्या पेशींच्या एनएमडीए नावाच्या दारांवर बसतं. या दारांत एरवी मॅग्नेशियमचं बूच असतं. विद्युतभार पडला की तेही निघतं. आणि मग कॅल्शियम आत घुसतं. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट असतं, म्हणजे धरणाचा दरवाजा उघडल्यासारखंच.

कॅल्शियम स्वतः विष नाही, पण पेशीतल्या डझनभर विकरांची (एन्झाइमांची) ती चावी आहे. कॅल्पेन पेशीचा सांगाडा कुरतडतं. फॉस्फोलायपेज आवरणाची चरबी फोडतं. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर जागं होतं. त्याची गाठ सुपरऑक्साइडशी पडली की पेरॉक्सिनायट्राइट तयार होतं आणि ते डीएनए तोडतं. मायटोकॉन्ड्रिया जास्तीचं कॅल्शियम गिळत राहतात आणि एका मर्यादेनंतर स्वतःच फुटतात. या सगळ्याला ‘उत्तेजनाने मृत्यू’ म्हणता येईल. १९६९ साली जॉन ओल्नी यांनी ग्लुटामेटबद्दल ही कल्पना मांडली, तेव्हा अन्नात आणि मेंदूत रोज वावरणारं रेणू मारू शकतं हे अनेकांना पटत नव्हतं.

भूगोलाचा_तास

छान लिहिलंय. पण गुठळी बसलेल्या धमनीच्या प्रदेशात सगळीकडे एकदमच होडी भरत नसणार. त्या ‘पेनम्ब्रा’बद्दल लिहा ना. ग्रहणाच्या धड्यात आम्ही त्याला उपच्छाया शिकवतो.

सांजवारा

शब्द तिथूनच घेतलाय. ग्रहणात मध्ये गडद प्रच्छाया आणि भोवती अर्धवट उजेडाची उपच्छाया, तसंच इथे.

निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सरासरी ५० मिलिलिटर रक्त जातं. हा आकडा घसरत गेला की एकेक काम बंद पडतं. आधी नवी प्रथिनं बनवणं थांबतं (प्राण्यांवरच्या प्रयोगांत ३५ च्या आसपास). २० च्या खाली विद्युतसंदेश थांबतात, म्हणजे हात लुळा पडतो, वाचा जाते. पण पंप अजून चालू असतो. १० च्या आसपास पंपही बसतो. २० आणि १० यांच्यामधला पट्टा तो पेनम्ब्रा: पेशी मुकी झालेली, मेलेली नाही. १९७७ मध्ये अ‍ॅस्ट्रप, सायमन आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांत हे दोन उंबरठे वेगवेगळे असल्याचं दाखवलं आणि १९८१ मध्ये पेनम्ब्रा हे नाव रूढ झालं.

व्यवहारात याचा अर्थ फार मोठा आहे. रुग्णाचा हात अजिबात हलत नाही यावरून हाताचा भाग मेला असं ठरत नाही. बाहेरून मुकी आणि मेलेली पेशी सारखीच दिसते.

१० च्या खालचा गाभा मिनिटांत जातो. पेनम्ब्रा किती वेळ तगेल हे शेजारच्या धमन्यांच्या आडवाटांवर अवलंबून असतं. मेंदूच्या पृष्ठभागावर एका धमनीच्या शाखा दुसरीच्या शाखांना भेटतात. कुणात हे जाळं दाट, कुणात विरळ. म्हणून एकाच जागी गुठळी बसलेल्या दोघांपैकी एकाचं दोन तासांत सगळं संपतं आणि दुसऱ्याचं बारा तासांनंतरही बरंच शिल्लक असतं.

इंद्रायणीकाठ

‘मिनिटाला १९ लाख पेशी’ हा आकडा प्रत्येक जनजागृतीच्या फलकावर असतो. तो मग सरसकट खरा नाही तर?

क्षकिरण

सरासरी म्हणून बरोबर, नियम म्हणून नाही. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मोठी धमनी बंद झालेल्या पक्षाघाताचा हिशेब मांडला: अखेरचा मृत भाग साधारण ५४ मिलिलिटर, तो तयार व्हायला १० तास. त्यावरून भागाकार करून मिनिटाला १९ लाख चेतापेशी, पेशी-पेशींमधले १,४०० कोटी जोड आणि १२ किलोमीटर मज्जातंतू असे आकडे आले. पुढे २०१९ मध्ये प्रत्यक्ष स्कॅनवरून रुग्णागणिक वेग मोजला तेव्हा तो मिनिटाला ३५ हजारांहून कमी ते २ कोटी ७० लाखांहून जास्त एवढा पसरलेला निघाला. फलकासाठी सरासरी ठीक. समोरच्या रुग्णासाठी स्कॅन बघावा लागतो.

स्कॅनबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण नातेवाईक हमखास भांडतात: “सीटी नॉर्मल आहे म्हणता, मग स्ट्रोक कसा?” पहिल्या काही तासांत साध्या सीटीचं मुख्य काम रक्तस्राव नाही ना हे बघणं. मेलेला भाग सीटीवर काळपट दिसतो तो पाणी शोषल्यामुळे, आणि भागात १ टक्का पाणी वाढलं तर घनता जेमतेम २ ते ३ एककांनी उतरते. डोळ्याला ते दिसायला वेळ लागतो. मधल्या मेंदूधमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडून प्रत्येक बिघडलेल्या भागाचा एक गुण वजा करायची ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ पद्धत आहे. १० म्हणजे काहीच दिसत नाही.

एमआरआयचा डिफ्युजन प्रकार मात्र मिनिटांत पांढरा होतो. वर सांजवारांनी होडी भरते असं लिहिलंय, तेच तो दाखवतो. पेशी फुगल्या की त्यांच्यामधल्या बोळी अरुंद होतात, पाण्याच्या रेणूंची ये-जा अडते, आणि ती अडलेली ये-जा चित्रावर उजळ दिसते. फ्लेअर नावाच्या प्रकारात बदल दिसायला काही तास लागतात. म्हणून झोपेतून उठताना लक्षणं दिसली आणि वेळच माहीत नसली, तर डिफ्युजनवर डाग आहे पण फ्लेअरवर नाही हे बघून ‘घटना ताजी आहे’ असा अंदाज बांधतात. २०१८ च्या ‘वेक-अप’ चाचणीत याच जोरावर गुठळी विरघळवायचं औषध दिलं आणि फायदा दिसला.

परफ्युजन स्कॅनमध्ये (कुठे किती रक्त, किती उशिरा पोचतं ते मोजणाऱ्या), रक्तप्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांखाली असेल तो गाभा, आणि औषधाचा रंग ६ सेकंदांहून उशिरा पोचतो तो एकूण धोक्यातला प्रदेश, असं संगणक धरतो. दोहोंतला फरक म्हणजे वाचवता येण्याजोगा भाग. २०१८ च्या ‘डिफ्यूज ३’ चाचणीत गाभा ७० मिलिलिटरहून कमी आणि एकूण प्रदेश गाभ्याच्या किमान १.८ पट असेल तर ६ ते १६ तासांतही गुठळी तारेने ओढून काढली. ‘डॉन’ चाचणीने तीच मर्यादा निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नेली. अर्थात संगणकाचा लाल-हिरवा नकाशा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. अगदी लवकर केलेल्या सीटी परफ्युजनमध्ये ‘गाभा’ म्हणून रंगवलेला भाग वेळेत रक्त मिळाल्यावर चक्क जिवंत निघतो. लाल डाग मोठा दिसला म्हणून उपचार नाकारू नयेत.

ऊतीशास्त्र

पेशी मरण्याच्या तऱ्हांबद्दल थोडी भर.

गाभ्यातली पेशी फुटून मरते. आवरण फाटतं, आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि त्या सांडलेल्या मालामुळे दाह सुरू होतो. हा बेशिस्त मृत्यू. काठावरची पेशी मात्र बऱ्याचदा आवराआवर करून मरते: मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी हे प्रथिन गळतं, ते कॅस्पेज ९ या कापणाऱ्या विकराला आणि पुढे कॅस्पेज ३ ला जागं करतं, केंद्रकातला डीएनए मापात कापला जातो, पेशी आक्रसते. गंमत अशी की या शिस्तशीर मृत्यूलाही एटीपी लागतं! म्हणून तो जिथे थोडंफार रक्त पोचतं तिथेच दिसतो, आणि तासांपासून दिवसांपर्यंत चालतो. दोन्हींच्या मधल्या तऱ्हाही आहेत. डीएनए फार तुटला की तो सांधणारं पार्प हे विकर एवढं राबतं की दुरुस्तीपायीच पेशीची रसद संपते. प्रत्यक्ष ऊतीत या तऱ्हा एकमेकींत मिसळलेल्या असतात, पुस्तकातल्या तक्त्याइतक्या वेगळ्या नसतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिले काही तास फारसं काही दिसत नाही. १२ ते २४ तासांत आक्रसलेले, गुलाबी-लाल रंग घेणारे ‘लाल न्यूरॉन’ दिसतात. पहिल्या एक ते तीन दिवसांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, नंतर सफाई करणाऱ्या मॅक्रोफेजची गर्दी. हृदयाच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण बनतो. मेंदू मात्र पातळ होऊन वाहून जातो आणि काही आठवड्या-महिन्यांनी तिथे द्रवाने भरलेली पोकळी उरते.

आणखी एक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे विध्रुवणाची, म्हणजे आवरणावरचा विद्युतभार कोसळत जाण्याची लाट. ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूत ती नोंदवली. मिनिटाला २ ते ५ मिलिमीटर या गोगलगायीच्या चालीने ती पसरते. अर्धशिशीत ऑरा (डोळ्यांपुढे चमकणं वगैरे पूर्वलक्षणं) येतो तेव्हा बहुधा हीच लाट जात असते आणि काही बिघडत नाही, कारण रक्तवाहिन्या रुंदावून जास्तीचा खर्च भागवतात. पेनम्ब्रात मात्र लाट आली की पंपांना पुन्हा भार उभा करावा लागतो, त्यासाठी एटीपी हवं, आणि जखमी भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावण्याऐवजी आखडतात. दर लाटेगणिक गाभा काठाकाठाने वाढतो.

पाणंद

मग दारं बंद करणारी औषधं का देत नाहीत? ग्लुटामेट अडवा, कॅल्शियम अडवा, संपलं. आणि दवाखान्यातून निघताना चिठ्ठीवर मेंदूच्या ‘टॉनिक’ची जी गोळी असते ती हेच करते का?

औषधी_गल्ली

दारं बंद करून पाहिली, पाणंदराव. २००६ पर्यंतचा एक हिशेब आहे: पक्षाघातासाठी १,०२६ उपचार प्रयोगांत तपासले गेले, त्यांतले ११४ माणसांपर्यंत पोचले. पेशींना थेट वाचवणारं म्हणून जगभर मान्य झालेलं एकही औषध त्यातून निघालं नाही. (जपानमध्ये एडाराव्होन २००१ पासून वापरात आहे, आपल्याकडेही मिळतं, पण सर्वत्र मान्य झालेलं नाही.)

अपयशाची कारणं शिकण्यासारखी आहेत. एक, उंदराला औषध धमनी बंद केल्यावर काही मिनिटांत किंवा आधीच दिलं जायचं, माणसाला चार-सहा तासांनी. तोवर ग्लुटामेटचा पूर ओसरलेला असतो. मग ‘लवकर द्या’ म्हणून अमेरिकेत फास्ट-मॅग चाचणीत रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम सुरू केलं, १,७०० रुग्णांत. तरी फरक नाही. २०१५ मध्ये निकाल आला. दोन, जिथे रक्तच पोचत नाही तिथे रक्तातून दिलेलं औषध कसं पोचणार? तीन, एनएमडीए दार शिकण्या-आठवण्याला आणि पेशी जगण्यालाही लागतं; ते सरसकट बंद केलं की भ्रम होतात, रक्तदाब बिघडतो. चार, घटना साखळीची नाही, जाळ्याची आहे. एक धागा कापला तर ओझं दुसऱ्यावर जातं.

एनएक्सवाय-०५९ या औषधाने २००६ च्या चाचणीत आशा दाखवली आणि वर्षभरात त्याहून मोठ्या चाचणीत ती मावळली. नेरिनेटाइडची कथा आणखी चुटपुट लावणारी. ते दार बंद न करता दारामागची तार तोडतं, म्हणजे एनएमडीए आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर यांची जोडणी. २०२० च्या चाचणीत एकूण फायदा दिसला नाही. मात्र गुठळी विरघळवायचं औषध न मिळालेल्यांत दिसला, कारण त्या औषधाने जागं होणारं प्लाझ्मिन नेरिनेटाइडचेच तुकडे करतं.

टॉनिकचं विचारलंत. सिटिकोलिन हे आपल्याकडचं सर्वांत लाडकं. सुमारे २,३०० रुग्णांच्या इक्टस चाचणीत (२०१२) त्याचा फायदा दिसला नाही. अपाय फारसा नाही, हे खरं. पण महिन्याच्या औषधखर्चात कात्री लावायची वेळ आली तर लोक बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बंद करतात आणि महागडं टॉनिक चालू ठेवतात, हे नक्कीच उलटं आहे.

काम करतं ते रक्त परत पोचवणं. गुठळी विरघळवायचं औषध अल्टेप्लेज: किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०. त्यातला दहावा हिस्सा मिनिटभरात, बाकीचा तासभरात. ६० किलोच्या माणसाला ५४ मिलिग्रॅम, म्हणजे ५.४ आधी आणि ४८.६ नंतर. १९९५ ला तीन तासांची मुदत होती, २००८ च्या चाचणीनंतर साडेचार झाली. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५, एकाच टोच्यात. ६० किलोला १५ मिलिग्रॅम.

रात्रपाळी

पेशी वाचवणारं इंजेक्शन नसलं तरी पेशी मारणाऱ्या गोष्टी टाळता येतात, आणि त्यांतल्या निम्म्या घरापासून वॉर्डापर्यंत होतात.

बीपी. पेनम्ब्रात रक्तवाहिन्यांनी स्वतःचं नियंत्रण गमावलेलं असतं. तिथला प्रवाह थेट दाबावर चालतो. १९०/१०० बघून घाबरून जिभेखाली गोळी ठेवली, दाब धाडकन १३०ला आला, की पेनम्ब्राचा गाभा होतो. गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणावा लागतो, दिल्यावर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात. द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत.

साखर. रक्त अपुरं असताना ग्लुकोज भरपूर असलं की पेशी ते प्राणवायूविना जाळतात, लॅक्टिक आम्ल साचतं, आतला पीएच ७.२ वरून ६.५ च्याही खाली जातो. म्हणून या रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावत नाहीत, साधं सलाइन लावतात. साखर १४० ते १८० मध्ये ठेवायचा प्रयत्न असतो. पण आल्या आल्या बोटाची साखर तपासायचीच, कारण साखर ६० च्या खाली गेली तर हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं. तिथे मात्र ग्लुकोज लगेच.

ताप. ३८ च्या वर गेला की पॅरासिटामॉल आणि तापाचं कारण शोधणं. गरम मेंदूचा खर्च वाढतो, मिळकत तेवढीच.

तोंडाने काही नाही. पाणी, चहा, साखरपाणी, गोळी, काहीही नाही, गिळण्याची तपासणी होईपर्यंत. श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया, मग ताप, मग प्राणवायू कमी. म्हणजे वरचं सगळं परत. आणि घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हृदयविकारात चालतं, इथे सीटीआधी गुठळी की रक्तस्राव हे कळत नाही.

महाराष्ट्रात १०८ ला फोन करताना ‘तोंड वाकडं, हात उचलत नाही, शेवटचं ठीक कधी पाहिलं’ एवढं सांगा, आणि चोवीस तास सीटी चालणाऱ्या ठिकाणीच न्यायला सांगा. ‘लक्षणं कधी सुरू झाली’पेक्षा ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ही वेळ घड्याळात धरली जाते.

सांजवारा

रात्रपाळीताई, वाचनखूण करून ठेवावी असा प्रतिसाद.

दिवसांच्या हिशेबातलं एक राहिलं: सूज. पहिली सूज पेशींच्या आतली. काही तासांनी रक्तवाहिन्यांची भिंतही सैल होते (एमएमपी-९ सारखी विकरं तिचा गिलावा खातात) आणि रक्तातलं पाणी, प्रथिनं ऊतीत झिरपतात. तीच सैल भिंत फाटली तर मृत भागात रक्तस्राव होतो. उशिरा रक्त परत आणण्यातला मोठा धोका हाच. सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कळसाला जाते. “काल बोलत होते, आज गुंगीत आहेत” याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. कवटी ताणत नाही, मग दाब निरोगी भागावर येतो. मधल्या धमनीचा पूर्ण प्रदेश गेलेला, वय ६० च्या आत, अशा रुग्णांत ४८ तासांच्या आत कवटीचा अर्ध्या बाजूचा तुकडा काढून ठेवतात. २००७ मध्ये तीन युरोपीय चाचण्या एकत्र केल्या तेव्हा वर्षभराने जगलेल्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. वाचलेल्यांत अपंगत्व बरंच राहतं, हे नातेवाइकांना आधी स्पष्ट सांगायला हवं.

ऊतीशास्त्र

रक्तस्रावाबद्दल कुणी लिहिलं नाही, थोडक्यात लिहितो. तिथे उपासमार दुय्यम. पहिल्या तासांत साचलेल्या रक्ताचा दाब पेशी चिरडतो आणि गोळा वाढत राहू शकतो. म्हणून तिथे बीपी १४० च्या आसपास आणतात, गुठळीच्या बरोबर उलट. मग थ्रॉम्बिनमुळे दाह. पुढच्या दिवसांत तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधून लोह सुटतं आणि ते आवरणातल्या चरबीला अक्षरशः गंज चढवतं. लोहामुळे होणाऱ्या या मृत्यूला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असं नाव मिळालं. लोह बांधणारं डेफेरोक्सामिन देऊन पाहिलं आहे, पण २०१९ च्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही.

चालते_व्हा

फिजिओच्या बाजूने. गेलेल्या पेशी परत उगवत नाहीत, तरी पहिल्या आठवड्यांत हात हलायला लागतो, तो कुठून? काही वाचलेल्या पेनम्ब्रातून, काही सूज उतरल्याने. आणि काही अशा दूरच्या भागांतून, जे स्वतः ठणठणीत असूनही जोडलेला भाग गेल्याने गप्प झाले होते. फॉन मोनाकोव यांनी १९१४ मध्ये याला डायस्किसिस म्हटलं. त्यानंतरची सुधारणा म्हणजे उरलेल्या जोडण्यांची नवी मांडणी, आणि ती सरावाने होते. वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक.

पण ‘जितकं लवकर तितकं बरं’ हे इथे चालत नाही. २०१५ च्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत पहिल्या २४ तासांत सुरू करून वारंवार, जास्त वेळ उठवून बसवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी चांगली होती. पहिल्या दिवशी थोडं थोडं, बीपी बघत. लुळ्या हाताला धरून रुग्णाला वर ओढू नका, खांदा निखळतो.

इंद्रायणीकाठ

शेवटचं एक. लक्षणं आली आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तर पेशी मेल्याच नाहीत असं धरायचं ना?

क्षकिरण

धरू नका. प्रवाह वेळेत परत आला तर खरंच कुणी मेलेलं नसतं, पण लक्षणं पूर्ण गेलेल्यांतही बऱ्याच जणांच्या डिफ्युजनवर छोटा डाग सापडतो. म्हणून ‘२४ तासांच्या आत बरा झाला तर किरकोळ’ ही तात्पुरत्या झटक्याची (टीआयए) जुनी व्याख्या २००९ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सोडली. आता ऊतीत डाग आहे की नाही यावर ठरतं. डाग असो वा नसो, मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या ४८ तासांत सर्वाधिक. मानेच्या धमन्यांचं चित्रण, ईसीजी आणि एमआरआय त्याच दिवशी.